पडायची खोली

कुणाच्या घरी काम बघायला गेले की मी चपला दारात काढते, पर्स सोफ्यावर ठेवते, पदर खोचते आणि रांगायला लागते. साठी उलटलेली, चष्मा लावलेली बाई आपल्या हॉलमधून अशी फिरताना बघून घरातली माणसं गडबडतात. कुणी पाणी आणतं, कुणी पंखा वाढवतं. एका घरी तर आजींनी माझी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या होत्या. मूल मात्र कधी गडबडत नाही. ते सरळ माझ्या शेजारी येऊन रांगायला लागतं आणि आमची ओळख होते.

माझा धंदाच तसा आहे. मी घरातल्या लहान मुलांसाठी खेळायच्या खोल्या करते. मूल ज्या उंचीवरून घर बघतं, त्या उंचीवरून मोठ्यांनी ते कधी बघितलेलंच नसतं. खाली गेलं की कळतं, टीपॉयचा कोपरा बरोबर कपाळासमोर येतो. टीव्हीच्या वायरी ओढायला अगदी हाताशी लोंबत असतात. सोफ्याखाली खेळण्यातला तो चपटा, चकचकीत सेल पडलेला असतो, जो गिळला तर थेट दवाखानाच. उभ्यानं यातलं काही दिसत नाही. माझे गुडघे बोलायला लागलेत, पण ही सवय मी सोडलेली नाही.

राजारामपुरीत आमचं फर्निचरचं दुकान. ह्यांनी सुरू केलं, आता मुलगा बघतो. पलंग, कपाटं आणि मुख्य म्हणजे शोकेस. कोल्हापूरच्या घरात शोकेस नसेल तर पावण्यांनी बघायचं काय? पुढं घरांचे फ्लॅट झाले, अंगणं गेली आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली, "वहिनी, पोरांसाठी एक खोली करून मिळंल का?" ह्यांना असल्या बारक्या कामात रस नव्हता, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. माझ्याबरोबर आले कृष्णात मेस्त्री. आजही आम्ही दोघंच असतो. मेस्त्री बोलतात कमी, कुरकुरतात जास्त.

त्यांच्या पिशवीत पटाशी आणि रंध्याबरोबर एक सोललेला मोठा नारळ आणि एक जुनी ओढणी असते. लोकांना वाटतं, नारळ मुहूर्ताचा. एक गृहस्थ तर हळदकुंकू घेऊन उभे राहिले होते. तो नारळ आम्ही शिडीच्या, कठड्याच्या, खिडकीच्या गजांच्या फटीत घालून बघतो. नारळ आरपार गेला तर पोराचं डोकंही अडकू शकतं, म्हणून ती फट बदलायची. ओढणी लाकडाच्या कडांवरून फिरवायची आणि धागा अडकेल तिथं परत पॉलिशपेपर मारायचा. "वहिनी, नवरानवरीच्या पलंगाला बी आपुन एवढं घासलं न्हाय," असं मेस्त्री दर वेळी म्हणतात आणि घासतात.

बाकी गोष्टी साध्या आहेत, पण त्या सुचायला लागतात. उंच कपाट भिंतीला स्क्रूनं आवळून टाकायचं, कारण पोरं कप्प्यांची शिडी करतात आणि अख्खं कपाट अंगावर घेतात. खोलीला आतून कडी नको. खेळण्यांच्या पेटीला झाकण नको, बोटं सापडतात. खिडकीचे गज उभे हवेत, आडव्या गजावर पाय ठेवता येतो. एवढं केलं की खोली धोक्याची राहत नाही. पण मजेचीही होतेच असं नाही. मुलाला चढायला काहीतरी लागतं, लपायला काहीतरी लागतं आणि घाण करायला भरपूर लागतं. ते नसेल तर रंगीत भिंती आणि कार्टूनचे पडदे हे सगळं आईबापांचं खेळणं.

हे मला ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यानं शिकवलं. तिथं मी हौसेनं किल्ला केला होता. बुरूज, घसरगुंडी, खाली लपायला भुयार. काही महिन्यांनी कपाटाचं बिजागर बघायला गेले तर खोलीला बाहेरून कडी. आत घसरगुंडीवर चादर, खेळणी अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत. आजीबाई अभिमानानं म्हणाल्या, "पावणं आल्यावरच उघडतो बघा. न्हायतर पोरगं समदं खराब करून टाकतंय." आणि पोरगं कुठं होतं? न्हाणीघरात, बादली आणि दोन मग घेऊन, भिजून चिंब आणि एकदम खूश. मी खोली म्हणून मोठ्या आकाराची शोकेसच करून ठेवली होती. त्या दिवसापासून मी एक रीत पाडली. खोली ताब्यात द्यायच्या दिवशी घरातल्या मुलाच्या हातात खडू द्यायचा आणि नव्याकोऱ्या भिंतीवर पहिली रेघ त्याला मारायला लावायची. आईबापांचा जीव कळवळतो. पण एकदा भिंत खराब झाली की खोली पावण्यांची राहत नाही, पोराची होते.

उलटही घडतं. हातकणंगल्याकडचा एक शेतकरी मला गाडीत घालून घेऊन गेला. पेंडीची पोती ठेवायची खोली रिकामी करून त्याला नातीसाठी प्लेरूम हवी होती. मी रांगत रांगत मागच्या दारी पोहोचले. तिथं ती नात गोठ्याच्या कडेला मातीचं धरण बांधत बसली होती आणि वासरू तिचा फ्रॉक चघळत होतं. मी म्हटलं, "दादा, हौदाला तेवढी जाळी बसवा आणि पोती परत ठेवा." त्याला फार वाईट वाटलं. मला परत सोडताना त्यानं गाडीत भाजीची एक पिशवी टाकली, तरी चेहरा उतरलेलाच होता.

पण मला सांगायचंय ते शंभूच्या खोलीबद्दल. काम अलीकडचंच आहे.

त्याच्या आईचा, स्नेहलचा, फोन आला. ती पन्हाळ्याच्या कचेरीत नोकरीला, नवरा शिरोलीला कारखान्यात. मंगळवार पेठेत दुमजली घर, घरी सासरे आणि चार वर्षांचा शंभू. फोनवरच तिनं सांगून टाकलं, "मॅडम, खोलीत चढण्यासारखं काहीही नको. फरशीला फोम, भिंतींना फोम. सगळीकडे फोम."

"आणि दार?" मी गमतीनं विचारलं. "ते कापसाचं करू का?"

ती हसली नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

मी गेले, चपला काढल्या, पदर खोचला आणि रांगायला लागले. शंभू सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, आपले पाय वर ओढून घेतले आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. इतक्या वर्षांत माझ्या शेजारी रांगायला न आलेलं हे पहिलंच मूल.

दाराजवळच्या खुर्चीत त्याचे आजोबा बसले होते. सगळी पेठ त्यांना आबा म्हणते. तरुणपणी पेठेच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. आमच्या गावात पोराला चालता यायच्या आधी लाथ मारता येते, आणि सामन्याच्या दिवशी दोन पेठांतली सोयरीकसुद्धा तेवढ्यापुरती बंद असते. त्या मैदानावर आबांचे हात गाजले होते. आता ते हात काखेत घट्ट दाबून ते बसले होते. त्यांनीच मला खिडकी दाखवली. जुनी खिडकी, आडव्या गजांची.

"हितनं उडी मारली त्यानं," आबा म्हणाले. "रोजचाच खेळ हो आमचा. ह्यो वर चढायचा, 'आबा, कॅच!' म्हणायचा आन् मी धरायचो. त्या दिवशी ऐन वक्ताला माझा गुडघा दुमता झाला." खिडकीकडे बघतच ते म्हणाले, "जलमभर बॉल धरला, मॅडम. आन् घरचं पोरगं सुटलं हातातनं."

शंभूचा हात मोडला होता. प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं, डॉक्टरांनी खेळायला मोकळीक दिली. पण पोरगं चढायचंच विसरलं. जिना चढताना कडेवर घ्या म्हणायचं. खुर्चीवर उभं राहायलाही नको म्हणायचं. आणि आबांनी त्याला उचलणं सोडलं होतं. अंगाला हातच लावायचे नाहीत. स्नेहलनं दुपारसाठी पाळणाघर लावलं. सासऱ्यांना ती एका शब्दानं बोलली नव्हती, पण त्या न बोलण्याचंच घरात ओझं झालं होतं. माझ्यासमोर तिनं एवढंच सांगितलं, "खोली झाली आणि माझं समाधान झालं, तर शंभू दुपारी घरी राहील. नाहीतर पाळणाघर चालू आहेच." आबा ऐकत होते. त्यांनी खाली मान घातली.

मला मनातून स्नेहलचा राग आला नाही. पोराचा लोंबकळलेला हात बघितलेल्या आईला शहाणपण शिकवणारी मी कोण? फोमचं माप घ्यायचं म्हणून मी सोफ्याजवळून वळले आणि तेव्हा शंभू काय करतोय ते दिसलं. मोबाइल बाजूला पडला होता. त्यानं एक रबरी हत्ती सोफ्याच्या हातावर उभा केला होता. तो त्याला हळूच ढकलायचा, हत्ती खालच्या उशीवर पडायचा, परत वर. आणि प्रत्येक वेळी ओठातल्या ओठात म्हणायचा, "कॅच."

कुणी धरत नव्हतं. मी तशीच फरशीवर बसून राहिले.

पोराचं खेळणं संपलेलं नव्हतं, ते फक्त हत्तीवर ढकललेलं होतं. मी उठून स्नेहलला सांगितलं, फोमचं कोठार मी करणार नाही. शंभूच्या छातीएवढ्या उंचीचा एक छोटा माळा करू. चढायला छोटी शिडी, माळ्याला कठडा, एका बाजूला उडी मारायला मोकळी जागा. खाली जाड गादी, आपल्या तालमींना मॅट शिवून देणाऱ्याकडून करून घेतलेली. चढू दे, उडी मारू दे, पडू दे.

"पडू दे?" स्नेहलचा आवाज चढला. "मॅडम, तो पडू नये म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय!"

"सूनबाई म्हणती तेच बरोबर हाय," आबा खुर्चीतून म्हणाले. "उंच काय बी नको. मी हात जोडतो तुम्हास्नी."

म्हणजे दोघं माझ्याविरुद्ध. सून आणि सासरे किती दिवसांनी एकमतानं बोलले असतील, आणि तेही नेमके माझ्या अंगावर. मी म्हटलं, "आबा, एक सांगा. गोलकीपरला सगळ्यात आधी काय शिकवतात?"

"पडायला," आबा बोलून गेले.

"बॉल धरायला नाही?"

"बॉल मागनं. आदी पडायचं. मैदान म्हंजे निव्वळ दगड हुतं आमच्या टायमाला. पडता न्हाय आलं तर पयल्याच म्याचला खुबा जायाचा." बोलता बोलता त्यांचे हात काखेतून सुटले. "पोरं चुकत्यात कुठं? हात पुढं टेकवाय जात्यात. हात टेकला की मोडला. मांडी, कंबर, खांदा, असं वळीनं द्यायचं भुईला."

आणि कुणाला काही कळायच्या आत आबांनी पलीकडच्या दिवाणावरची गादी खाली ओढली, धोतराचा सोगा खोचला आणि धप्पदिशी आडवे पडले.

"आबा!" स्नेहल किंचाळली. मी धावले. आबा कुशीवर पडून छताकडे बघत होते. दोन्ही हात छातीशी, त्यात नसलेला बॉल. गुडघ्याला हात लावून त्यांनी कण्हून घेतलं, पण चेहऱ्यावर मात्र मैदानातलं काहीतरी उमटलं होतं.

सोफ्यावरून आवाज आला, "परत."

शंभू कडेला येऊन बसला होता, हत्तीला मुठीत धरून. आबांनी सुनेकडे बघितलं. आबा परत पडले. तिसऱ्या वेळी शंभू सोफ्यावरून उतरला, गादीवर त्यांच्या शेजारी, पण हातभर लांब, आडवा झाला आणि म्हणाला, "मांडी, कंबर, खांदा."

माळ्याला स्नेहलनं होकार दिला, पण अटीवर. तिला पटला नाही तर त्याच दिवशी काढून न्यायचा. "म्हंजे करायचं बी आपुनच आन् मोडायचं बी आपुनच," मेस्त्री कुरकुरले आणि कामाला लागले.

खिडकीचे गज आधी बदलले. माळ्याखाली लपायची जागा केली, तिला दोन तोंडं ठेवली, म्हणजे एक पोरगं दारात बसलं तरी आतलं कोंडत नाही. शिडीच्या फटीतून नारळ घालून बघताना आबा शेजारी येऊन बसायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेस्त्रींच्या हातातून ओढणी घेतली. मग कडा तपासायचं काम त्यांचंच झालं. इतक्या वेळा ओढणी फिरवायचे की शेवटी मेस्त्री म्हणाले, "आबा, लाकूड संपंल आता." संध्याकाळी शंभू पाळणाघरातून आला की गादीवर शिकवणी चालायची. आधी बसून पडायचं, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं. पोरगं सुरेख पडायला लागलं. पण शिडीला पाय लावेना आणि आबा त्याला हात लावेनात. दोघं गादीच्या दोन टोकांना. मला वाटायला लागलं, माळा बहुतेक परत न्यावा लागणार.

खोली ताब्यात द्यायच्या दिवशी मी स्नेहलला एकटीला आत घेतलं आणि दार लोटलं. म्हटलं, "आता तू उडी मार."

"मी?"

"तुझं समाधान व्हायचंय ना? मग हातानं दाबून काय कळणार?"

तिनं ओढणी कमरेला बांधली, माळ्यावर चढली आणि डोळे मिटून उडी टाकली. धप्पकन पडली आणि हसायलाच लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. गादीवर तशीच बसून ती म्हणाली, "मला आबांचा राग नाही हो, मॅडम. नव्हताच. मला नुसती भीती वाटते."

"तुला वाटते तशी त्यांनाही वाटते," मी म्हटलं. यापेक्षा शहाणं काही मला सुचलं नाही.

मग सगळ्यांना बोलावलं. मेस्त्री हत्यारं पिशवीत भरत होते. आबा खोलीच्या दारातच उभे राहिले, हात परत काखेत. मी शंभूच्या हातात लाल खडू दिला. "ही भिंत तुझी. पहिली रेघ तू मारायची. तुला वाटेल तिथं."

त्यानं खालची भिंत बघितली. एक हात लांबवला, मागं घेतला. मग वर बघितलं. माळ्यावरची भिंत पांढरीशुभ्र होती. खडू दातात धरून त्यानं शिडीला हात घातला. एक पाय ठेवला. थांबला. मेस्त्रींनी हातोडी पिशवीत टाकायची ती हातातच धरली. दुसरा पाय. मग गुडघा माळ्यावर, आणि पोरगं वर. त्यानं भिंतीवर ही एवढी लांब, वाकडी, लालभडक रेघ ओढली, वळला, मोकळ्या कडेला येऊन उभा राहिला.

"आबा, कॅच!"

आबा हलले नाहीत. त्यांनी शंभूकडे बघितलंच नाही, ते सुनेकडे बघत होते. असा केविलवाणा चेहरा मी कुठल्या बाप्याचा बघितला नव्हता. स्नेहलचा रंग उडाला होता. तिनं माळ्याकडे बघितलं, गादीकडे बघितलं आणि मग घसा साफ करून म्हणाली, "बघत काय बसलाय, आबा? धरा की!"

आबा पुढं झाले, हात काढले आणि शंभूनं उडी घेतली. तो बरोबर त्यांच्या छातीत आला. आणि आबांचा तो गुडघा परत दुमता झाला.

पण ह्या वेळी ते कसे पडले ते मी बघितलं. मांडी, कंबर, खांदा. दोन्ही हात छातीशी, आणि हातांत शंभू. गादीवर दणका बसला आणि दोघं एकमेकांत गुंतून लोळत राहिले. आबा रडत होते की हसत होते मला सांगता यायचं नाही. पोरगं त्यांच्या पोटावर बसून ओरडलं, "परत!"

स्नेहल चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. मीही मागून गेले, मला पाणी हवं होतं. ती ओट्याशी उभी राहून पाळणाघराच्या बाईंशी फोनवर बोलत होती. "नाही हो, तक्रार काहीच नाही. तुम्ही छान सांभाळलंत त्याला. पण उद्यापासून नाही पाठवणार मी. घरी आजोबा आहेत त्याचे."

तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. तिनं मागं वळून बघितलं नाही. आधण उकळत होतं, त्यात तिनं चहापत्ती टाकली आणि ती बोलत राहिली.